उजव्या बाजूची बटणं

आमचं श्रीरामपुरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्याची बोअरमधली मोटर जळली की ती आमच्याकडे येते. आम्ही आतली जळकी तार काढतो आणि नवी भरतो. बाहेरच्या बाकावर गिऱ्हाइकं बसतात आणि कांद्याचा भाव, ऊसतोडीची टोळी, लाइटीचं वेळापत्रक असल्या गप्पा मारतात. आत आम्ही नवरा-बायको तार ओढता ओढता तलवारींबद्दल बोलतो. येणाऱ्या गेममध्ये घोडा असेल का, असला तर त्याला वैरण घालावी लागेल का, किल्ल्याचा दरवाजा फोडायचा की पैसे चारून उघडायचा. मी बेचाळीस वर्षांची आहे, हे सेहेचाळीसचे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, कारण पुढे मला राग येणार आहे.

हा गेम अजून आलेला नाही. कंपनी महिन्या-दोन महिन्यांनी एखादा छोटा व्हिडिओ टाकते आणि जगभरचे लोक त्यावर तर्क लढवतात. हे मोबाईलवर सगळं वाचतात आणि मला सांगतात. आपला एक गडी असतो, त्याला घेऊन मुलूख हिंडायचा, लढायचं, लढून शहाणं व्हायचं, आणि कोणाशी काय बोललो त्यावर पुढची गोष्ट ठरते, असा हा प्रकार. या खेपेला डोंगराळ मुलूख आहे. एका व्हिडिओत बुरुज दिसला तर हे म्हणाले, "आपल्या खर्ड्याच्या किल्ल्यावानी हाय बघ." मला तसा काही वाटला नाही, पण ह्यांना प्रत्येक बुरुज खर्ड्याचाच वाटतो. बियाण्याच्या पिशवीवर जे वांगं छापलेलं असतं ते वावरात कधी येत नाही, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. कंपनी म्हणते ते सगळं गेममध्ये असेलच असं मी धरत नाही. तरी दोन गोष्टी अशा होत्या की त्या ऐकून माझ्या हातातली तार थांबली.

पण आधी ह्यांच्या हाताचं सांगायला हवं.

चार वर्षांपूर्वी ह्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं कुट्टीत गेली. कुट्टी म्हणजे जनावरांचा चारा बारीक करायचं यंत्र. ते थोरल्या दिरांच्या वस्तीवर होतं आणि त्याची जोडणी ह्यांनीच केलेली होती. दिरांना विहिरीची मोटर आणि कुट्टी एकाच स्टार्टरवर हवी होती, तीही ऑटोवर, म्हणजे लाइट आली की आपोआप सुरू व्हायला. वावरातून पळत यायचा ताप नको, असं ते म्हणाले. दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकाने असं मागितलं असतं तर ह्यांनी त्याला दुकानातून हाकललं असतं. भावाचा शब्द म्हणून करून दिलं. त्या दिवशी लाइट गेलेली होती, कुट्टीत मक्याचं धांड अडकलं, ह्यांनी ते काढायला हात घातला आणि लाइट आली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली.

त्यानंतर जो भेटायला येई तो "बिचारा" म्हणे. मला हा शब्द चपलेने मारावासा वाटतो. बिचारा म्हटलं की माणूस संपला, पुढे काही विचारायचं राहत नाही. दिरांनीही विचारलं नाही, सांगितलंच. दुकानाचा गाळा सासऱ्यांनी दोघा भावांच्या नावावर ठेवलेला आहे. दिरांचा जावई राहुरीकडे रिवाइंडिंग शिकलेला आहे. "त्यो दुकान चालवील," दीर म्हणाले. "तू आपला खुर्चीत बस. नाव तुझंच ऱ्हाईल की." हे म्हणाले, विचार करतो. वीस वर्षं ज्या माणसाने डोळे मिटून मोटर भरली तो खुर्चीत नावाला बसायचा विचार करायला लागला, हे मला सहन होत नव्हतं. पण बोलून उपयोग नव्हता. माझ्याकडे तरी दुसरा कुठला मार्ग होता?

एका दुपारी जेवणं झाल्यावर ह्यांनी टीव्हीवर याच गेमचा जुना भाग लावला आणि रिमोट हातात घेतला. गेमचा रिमोट दोन हातांनी धरायचा असतो. डाव्या अंगठ्याने गडी चालतो. उजवीकडे बटणं असतात, वार करायचं, उडी मारायचं, ढाल धरायचं, बाजूला व्हायचं. ह्यांचा गडी चालला, पण वार करता येईना. अंगठा बटणापर्यंत नेला की रिमोटच हातातून सटकायचा. समोरून एक साधा चोर आला आणि त्याने ह्यांच्या गड्याला उभ्या उभ्या मारलं. ह्यांनी रिमोट पलंगावर ठेवून दिला. फेकला असता तर मला बरं वाटलं असतं. ठेवून दिला, भांडं ठेवावं तसा, आणि भिंतीकडे बघत बसले.

मी भांडी घासत होते. हात पुसले, जाऊन ह्यांच्या उजव्या बाजूला खेटून बसले आणि रिमोटचा उजवा अर्धा भाग धरला.

"तुला काय येतंय त्यातलं?" हे म्हणाले.

"तुमी चालवा. मारायचं मी बघते."

पहिले पंधरा दिवस मी भिंती, झाडं आणि एक म्हातारा कोष्टी यांच्याशिवाय कोणाला मारलं नाही. कोष्टी गोष्टीत पुढे उपयोगी पडणार होता म्हणे. हे ओरडायचे, "दाब! आता दाब! थांब की!" आणि मी ओरडायचे, "आधी सांगायला काय हुतं?" हळूहळू ओरडणं कमी झालं. ह्यांचा खांदा वळला की मला कळायचं, आता वार. माझा श्वास थांबला की ह्यांना कळायचं, आता मागे सरकायचं. दीड महिन्याने नदीकाठचं दोन तोंडांचं रानडुक्कर आम्ही पाडलं तेव्हा हे अपघातानंतर पहिल्यांदा मोठ्याने हसले. मी मात्र रडले. आनंदाचंच रडू होतं ते, मला कबूल करायला लाज नाही.

नेमकं त्याच आठवड्यात दीर आले. भर दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली आणि मागच्या खोलीत भाऊ-भावजय खांद्याला खांदा लावून टीव्हीसमोर. ते दारातच उभे राहिले. "हात गेला ते गेला," ते ह्यांना म्हणाले, "आक्कलबी गेली का काय? जावयाला कवा पाठवू ते सांग."

ते गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "टीव्हीतला गडी दोघांनी चालतो, मग मोटर का न्हाई?"

बोअरची मोटर लांबोळकी असते. तिच्या आतल्या लोखंडी नळकांड्याला दोन तोंडं आणि आतून लांब खाचा. एका तोंडातून तार सोडायची, दुसऱ्या तोंडातून ओढायची, वळवून परत दुसऱ्या खाचेत घालायची. असे फेरे मोजून भरायचे, एकही कमी-जास्त चालत नाही. हे पूर्वी दोन्ही बाजूंना हात घालून एकटे करायचे. आता एका तोंडाशी हे डावा हात घेऊन बसले आणि दुसऱ्या तोंडाशी मी. "सोड," हे म्हणत. "आली," मी म्हणे. चार दिवसांत एक मोटर भरली. ह्यांना पूर्वी एक दिवस लागायचा. पण भरली.

भरलेली मोटर पाण्याच्या हौदात बुडवून दिव्याने तपासतात. दिवा लागला तर तारेवरचं प्लास्टिक कुठेतरी फाटलंय, आणि सगळं काम वाया. आमचा दिवा लागला. अगदी मंद, पण लागला.

ह्यांनी सगळी तार पुन्हा बाहेर काढली, बोटांनी चाचपली आणि ओरखडे सापडले. सगळे माझ्या बाजूच्या तोंडाशी. ह्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे नेली. मला कळलं. उजव्या हातात काचेच्या डझनभर बांगड्या आणि दोन नक्षीच्या पितळी. प्रत्येक वेळी तार ओढताना ती त्यांच्यावरून घासून येत होती. हे एवढं कळूनही माणूस तोंडाने बोलेना. आमच्याकडे नवरा बायकोला बांगड्या काढ असं म्हणत नाही. ते कधी म्हणतात आणि कोणाला म्हणतात हे सांगायची गरज नाही.

मी मोरीत गेले, हाताला साबण लावला आणि उजव्या हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या. एकही फुटू दिली नाही. डाव्या हातातल्या तशाच ठेवल्या. तीच मोटर नव्या तारेने पुन्हा भरली, तेव्हा दिवा लागला नाही.

त्यानंतर बोलणारे बोललेच. कोणाच्या घरी पूजेला गेलं की बायका माझ्या हाताकडे बघत आणि मग ह्यांच्याकडे बघत, माणूस जिवंत आहे ना याची खात्री करायला. दीर तर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "नवरा जिता हाय आन् हात भुंडा? शोभतं का हे?"

मी म्हटलं, "ह्यो उजवा हात ह्यांचा हाय, भाऊजी. बापय मानसाच्या हातात बांगड्या कशाला? माझा हात डावा. त्यात बघा, डझनभर हायेत."

बाकावरचे दोघं तिघं हसले. दीर हसले नाहीत, पण जावयाचा विषय दोन वर्षं निघाला नाही.

आता त्या दोन गोष्टी सांगते, ज्या ऐकून माझ्या हातातली तार थांबली. पहिली ही, की नव्या गेममध्ये जखम कायमची राहणार. गड्याचा हात तुटला तर तुटला, औषधाची बाटली प्यायली की परत उगवणार नाही. पण तो गडी संपणारही नाही. त्याला एका हाताचे वेगळे डाव शिकता येतील, जे दोन हातांच्या गड्याला शिकताच येत नाहीत. हे वाचून ह्यांनी मोबाईल बाजूला ठेवला. मग म्हणाले, "ज्यानं हे काढलं त्याच्या घरात कोनीतरी असंल बघ." आणि दुसरी गोष्ट, रिमोटची बटणं हवी तिथे लावून घेता येणार. सगळी डावीकडे, सगळी उजवीकडे, कशीही. एका हाताने अख्खा गेम खेळता येणार.

या दुसऱ्या गोष्टीचा मला आनंद झाला असं मी ह्यांना सांगितलं. ते खोटं होतं.

थोड्या दिवसांनी कंपनीने गेमचा छोटा तुकडा, डेमो, लोकांना खेळायला दिला. ह्यांनी सगळी बटणं डावीकडे घेतली, रिमोट मांडीला टेकवला आणि एकट्याने खेळायला लागले. अर्ध्या तासात ह्यांचा गडी असा लढायला लागला की मी बघत राहिले. मी ह्यांच्या उजव्या बाजूलाच बसले होते, सवयीने. माझा हात मांडीवर रिकामा होता. मला ह्यांच्यासाठी बरं वाटत होतं आणि त्याच वेळी असूयाही वाटत होती. टीव्हीतल्या एका खेळाची असूया! पण होती. आता माझी गरज कशाला, हा विचार मनात आला आणि तो काही जाईना.

तो विचार नुसता माझ्या मनातच राहिला असता तरी चाललं असतं. आठवड्याने दीर आले, ह्यांना एका हाताने खेळताना पाहिलं, थक्क झाले. आणि लगेच हिशेब मांडला. "आता तुझं तू करतो की रं! मग पलीकडून तार धरायला कोनीबी चालंल. जावई येईल. तिला घरी बसव, बांगड्या भरायला लाव. लोकं मला बोलत्यात."

कोणीबी चालंल. दोन वर्षांत माझ्या हाताखालून किती मोटरी गेल्या आणि किती विहिरींना पाणी लागलं, आणि मी तार धरणारी कोणीबी. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे गप्प बसले. रिमोट हातात घेऊन खाली बघत गप्प बसले.

दीर गेल्यावर मी ह्यांना सोडलं नाही. "तुमच्या त्या गेममधीसुद्धा मानूस समोर आला की चार उत्तरं देत्यात, ह्यातलं एक दाबा म्हनून. तुमी एकबी दाबलं न्हाई. कुट्टीला ऑटो जोडतानाबी असंच गप बसला हुता."

हे बोलायला नको होतं. तीन बोटं गेलेल्या माणसाला असं बोलू नये हे मला कळतं. पण मी बोलले आणि परत घेतलं नाही. दोन दिवस आमच्यात "सोड" आणि "आली" एवढंच बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी हे नगरला सामान आणायला गेले आणि येताना पिशवीतून आणखी एक रिमोट घेऊन आले. "लोक म्हनत्यात, नव्या गेममधी दोघांना संगं खेळता येनार," हे म्हणाले. "ज्याचा त्याचा गडी येगळा. कंपनीनं अजून सांगितलं न्हाई, पण म्हनत्यात." मी रिमोट घेतला आणि फडताळात ठेवला. गेममधलं ठीक आहे, असं म्हटलं. दुकानाचं काय?

दुकानाचं उत्तर टेम्पोत बसून आलं. दिरांचीच बोअरची मोटर जळली. कांदा ऐन भरात होता आणि चार दिवस पाणी बंद म्हणजे पीक हातचं गेलं असतं. ते घाईने आले, जावयाला फोन लावत होते, तो कुठल्या तरी लग्नाला गेलेला. "कसंबी करून परवा दे," ते ह्यांना म्हणाले.

मोटर उघडली, जळकी तार काढली. हे आपल्या तोंडाशी जाऊन बसले आणि डावा हात पुढे केला. मी म्हटलं, "तुमी बसा. ही मी एकटी भरते."

"दोघांनी केली तर लौकर हुईल."

"मला ठावं हाय."

ह्यांनी हात मागे घेतला. एकटीने भरायची म्हणजे दोन्ही हात आत घालायचे, डाव्याने सोडायची आणि उजव्याने ओढायची. पहिल्याच फेऱ्याला डाव्या हातातल्या बांगड्या नळकांड्याच्या कडेला किणकिणल्या. मी थांबले. उठून मोरीत गेले. साबण लावला. परत आले तेव्हा ह्यांनी माझे दोन्ही हात पाहिले आणि या वेळी नजर वळवली नाही.

दीड दिवस लागला. पाठ मोडली, बोटांची सालं निघाली. हे बाकावर बसून मोठ्याने फेरे मोजत होते, दुसरं काही करत नव्हते. एकदा मी चुकीच्या खाचेत शिरले तर हे नुसते खाकरले. मी तार मागे घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दीर आले तेव्हा मोटर हौदात होती. ह्यांनी दिव्याची तार लावली. आम्ही तिघंही दिव्याकडे बघत होतो. दिवा लागला नाही. ह्यांनी तार हलवून परत लावली. लागला नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. माझ्या तर हातात कांकणही नव्हतं.

"झ्याक झालं," दीर ह्यांना म्हणाले. "तुझा डावा हात चांगला चालाय लागला."

"मी हात लावला न्हाई, दादा," हे म्हणाले. "हिनं भरली. एकटीनं. जावयाला सांगा, काम शिकायचं असंल तर हिच्याकडं यायचं. दुकान हिचं हाय, माझं हाय. तिसरं कोनी न्हाई."

असं ठाम बोलताना मी ह्यांना वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. दिरांनी हौदातल्या मोटरकडे पाहिलं. मग त्यांचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं आणि त्यांना बोलायला जागा मिळाली.

"उजवा हात त्याचा म्हनली हुतीस," ते म्हणाले. "मग डावा कशापायी भुंडा केला? त्यो कोनाचा?"

"माझा," मी म्हटलं.

 दिरांनी बाहेर जाऊन टेम्पोवाल्याला टेम्पो मागे घ्यायला सांगितलं. मोटर चांगली जड असते, चढवायला दोन माणसं लागतात, आणि टेम्पोवाला टेम्पो लावून चहाला निघून गेला. मी एका बाजूने धरली. दुसऱ्या बाजूने भाऊजींना धरावी लागली.